सोजरबाईचा हरभरा

या बापा, असे जवळ सरका. मृदंगाला कणिक लावणं चाललंय, बुवांचा चहा व्हायचाय. कीर्तन उभं राहीपर्यंत एक गोष्ट सांगतो. कुण्या संताची नाही, आपल्याच देवमनची. ऐकता ऐकता हात जोडावे वाटले तर जोडा, नाही कोण म्हणतं?

देवमन ढेकळं तुडवत शाळेत गेलेलं पोर. इंजिनेर झाला, धरणाकालव्यांवर उभा जन्म काढला. बदली कुठंही असो, शनिवारची एस.टी. चुकवली नाही. घरी येऊन पोरांच्या, हरीओम-रूपालीच्या, वह्यांना कव्हरं घालायचा अन् रविवारी बायकोच्या, सोजरबाईच्या, जोडीनं वावरात तण निंदायला बसायचा. रिटायर झाल्यावर दोघं गावातच राहिली. पोरं लांब, एक बंगलोरला, एक नाशकाला. दरसाल वावरातला हरभरा भरडून डाळीचे डबे मात्र दोघांकडे जायचे.

सोजरबाई म्हणायची, "पाखरं उडाली त उडाली. चारा आपल्या हातचा गेला पाह्यजे."

गेल्या साली कार्तिकात पेरणीला तिफणीमागं चालत चाड्यावर मूठ तिनंच धरली. पौषात ती गेली. तेरवी झाली, पोरं आपापल्या कामाला लागली. हरभरा मात्र तिच्यामागं फुलला, भरल्या शेंगांनी, घाट्यांनी लदला. फाल्गुनात देवमननं विळ्यानं सोंगून वावरातच ढीग रचून गंजी लावली. तिच्या हातची शेवटची डाळ पोरांच्या घरी पोचवायची, एवढंच त्याच्या मनात होतं. घरी बोलायला कोणी नाही. सांजेला गंजीपाशी बसून तिच्याशीच बोलायचा.

त्यात सप्ताह बसला. आपला नेम तर ठाऊकच आहे: सप्ताह उठेपर्यंत वीणा भुईला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. भर दुपारचा वीणेचा पहारा कोणाला नको असतो. देवमननं तो मागून घेतला.

"घरी कोन वाट पाहून राह्यलं मही?" म्हणाला.

पाचव्या दिवशी दुपारी वारा एकाएकी पडला. मंगरूळपीरच्या अंगानं आभाळ काळंनिळं होऊन वर चढलं. सारं गाव ताडपत्र्या घेऊन वावरांकडे पळालं. मंडपात उरला देवमन, गळ्यात वीणा.

त्याचा शेजारी शेषराव मंडपाच्या दारातून ओरडला, "सायेब, चाला! गारा येऊन राह्यल्या!"

"हरिसिंग आला का? त्याचा पहारा हाय आता."

"तो तांड्यावर गेला, त्याचाबी हरभरा उघडाच हाय. ठेवा थे वीणा देवाच्या पायापाशी! देव काय घेऊन पळते काय?"

"खाली कशी ठेवू? तू घे मंग."

"मी? अन् मही गंजी काय तुमचा देव झाकीन?"

"म्हनूनच म्हनतो, पळ तू."

शेषराव चिडला. "सोजरवयनी खोटं नव्हती बोलत. म्हने, याइचं लगन मह्यासंगं नाई, धरनासंगं लागलं! अवो, तिच्या हातचा हाय तो हरभरा!"

देवमननं वीणेची तार छेडली. "बदलीचा मानूस आल्याबिगर जागा सोडली नाई कधी. तिलेबी मालूम हाय. जाय तू."

पत्र्यावर गारा अशा आदळल्या, की स्वतःचं 'रामकृष्णहरी' त्याला स्वतःला ऐकू येईना. पण म्हणत राहिला. वाराच ऐकत असेल.

हरिसिंग आला तो निथळत. मान वर करीना.

"तुहा हरभरा वाचला काय रे?"

"वाचला, सायेब."

"झालं मंग. घे." अन् वीणा त्याच्या गळ्यात घातली.

काळ्या चिखलातून चपला ओढत देवमन वावरात पोचला. गंजीत कोपरापर्यंत हात घातला. ओलं. दाणे घाट्यात टचटचून फुगलेले. डाळ आता होणार नव्हती. तिथंच उभं राहून त्यानं बंगलोरला फोन लावला.

"हरीओम, औंदा डाळ नाई जमत रे पाठवनं."

"अहो बाबा, इथं डाळ घरपोच येते. तुम्ही कशाला त्रास करून घेता?"

"हो रे बाप्पा, येत असंन." कोणाच्या हातची, ते काही तो बोलला नाही.

शेषराव मागं येऊन उभा होता. "सायेब, वाळवून पाहू."

"काळा पडंन. भिजला दाना वाट नाई पाहात, शेषराव. ट्रॅक्टर आन. देवळात नेऊ."

"सारा?"

"सारा. काल्याले उसळ करू. पोराइच्या घरी नाई गेला, त गावाच्या पोटात जाऊ दे."

बायाबापड्यांनी मंडपात बसून घाटे सोलले. दाण्यांना मोड आले. सप्ताह उठला त्या काल्याच्या दिवशी देवमन स्वतः बादली घेऊन पंगतीत फिरला. लोक पत्रावळीवर हात आडवा धरत, "बस, सायेब, बस." हा म्हणे, "घे ना बाप्पा, तिच्या हातचा हाय."

औंदाही उसळ त्याच्याच वावरातली आहे. हं, टाळ वाजले, बुवा उठले. एवढंच करा: काल्याच्या पंगतीत पहिल्या घासाला सोजरबाईची आठवण काढा. अन् मनात नको, मोठ्यानं नाव घ्या. देवमन वाढत असेल, त्याच्या कानावर पडू द्या. घरी ते नाव घेणारं आता कोणी नाही.