सात माणसांची ऊब

चंद्रशेखररावांना मोठा हीटर काढून छोटा घेण्यात फायदा होता तो असा: रोज चार युनिट वीज कमी, हॉलमध्ये दोन फूट जागा मोकळी, आणि हजरतगंजचा दुकानदार जुना घेऊन वर तीनशे रुपये परत देणार. तोटा कागदावर कुठेच दिसत नव्हता.

जुना हीटर अकरा पात्यांचा, तेल भरलेला. रत्नागिरीहून बदली होऊन लखनौला मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले, त्या पहिल्याच जानेवारीत थंडीला घाबरून दुकानातला सगळ्यांत मोठा उचललेला. त्याच्याभोवती रोज संध्याकाळी आमची बैठक भरे. वरच्या मजल्यावरचे दत्तात्रय आणि हेमावहिनी, त्यांच्या समोरचं जोशी जोडपं आणि त्यांच्याही वरच्या मजल्यावर एकटा राहणारा मी. चंद्रशेखररावांच्या पत्नी अरुणावहिनी आल्याचा चहा करत. दिवसभर ‘भैया, सब्जी कैसे दी’ करून दमलेल्या त्या बाईंना मराठीत मनसोक्त बोलायला मिळे ते तेवढंच.

चंद्रशेखरराव इंजिनिअर. त्यांनी कागद घेतला. खोलीला दोन हजार वॅट पुरे. छोटा हीटर पंधराशेचा. बसलेलं माणूस ऐंशी वॅट ऊब देतं. पाहुणे पाच, घरचे दोघे, म्हणजे पाचशे साठ. बेरीज दोन हजार साठ. साठ वॅट शिल्लक राहिल्याचं त्यांना कोण समाधान.

सोमवारी आम्ही गेलो तर कोपऱ्यात सात पात्यांचं ते बाळ उभं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणी काही विचारलं नाही. असलं विचारत नाहीत. चहा पिऊन अर्ध्या तासात उठलो. जिन्यात हेमावहिनी म्हणाल्या, “कळलं ना? रोज येऊन बसतो आपण. तोंडावर कसं सांगणार बिचारे.” मलाही ते पटलं. मंगळवारपासून कोणी गेलं नाही.

आता खोलीत माणसं दोन. पाचजणांचे चारशे वॅट गेले आणि चंद्रशेखरराव माकडटोपी घालून बातम्या पाहू लागले. अरुणावहिनी तीन दिवस पातेल्यात सातजणांचं पाणी ठेवत होत्या. चौथ्या दिवशी दोघांपुरतं ठेवलं.

“तुमचा हिशोब चुकला,” त्या म्हणाल्या.

“हिशोब बरोबर आहे. माणसं आली नाहीत.”

“हीटरसाठी येत होती ती. बरं झालं, कळलं तरी. मला आपलं वाटायचं, माझ्याकडे येतात.”

चंद्रशेखररावांनी टीव्ही बंद केला. बायको भांडली असती तर त्यांनी आकडे दाखवले असते. ती शांतपणे कप विसळत होती. आणखी चार संध्याकाळी त्यांनी तसंच बसून काढल्या. नवव्या दिवशी ते उठले आणि अकरा वर्षांत प्रथमच स्वतः जिना चढून दत्तात्रयांच्या दारात उभे राहिले. मी तिथेच होतो.

“थंडी वाजते म्हणून येत नाही का हो तुम्ही?” त्यांनी थेट विचारलं.

“अच्छा, म्हणजे आम्हीच यायचं बंद केलं?” हेमावहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “मोठा हीटर काढलात तो काय आरती ओवाळायला? आम्ही समजलो, ‘आता पुरे’ म्हणताय.”

“मी तर तुम्हाला हिशोबात धरलं होतं,” चंद्रशेखरराव म्हणाले आणि खिशातून तो कागद काढला.

दत्तात्रय रेल्वेच्या हिशोब खात्यातले. त्यांनी बेरीज तपासली. “यार, हेमाचे ऐंशीच धरलेत? रागावली की दोनशे होतात.”

“चला खाली,” हेमावहिनी म्हणाल्या. “पण सांगून ठेवते भावजी, आता रोज वर येऊन बोलवायचं. तेवढा मान द्या.”

दार उघडल्यावर अरुणावहिनींनी जोशींसकट आम्हा पाचजणांना पाहिलं. पदराने डोळे टिपले, चहाचं मोठं पातेलं काढलं आणि मग हेमावहिनींना पाठीत एक धपाटा घातला. आम्ही सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलो. तासाभरात चंद्रशेखररावांनी माकडटोपी काढली.

त्या हिवाळ्याचं कोणी काय भरलं ते सांगतो. विजेचे पैसे वाचले ते चंद्रशेखररावांचे. रोज दोन जिने चढून गुडघे दुखले तेही त्यांचेच. चहाची दुसरी फेरी अरुणावहिनींच्या माथी आली. आम्ही पाचजण फुकटात सुटलो म्हणावं, तर ते खरं नाही. एकमेकांना न विचारता वाया गेलेल्या त्या आठ संध्याकाळींची किंमत सगळ्यांनी मिळून भरली, आणि तिच्यातला मोठा वाटा एकट्या अरुणावहिनींचा.