न प्यालेल्या दारूची शपथ

गोडादऱ्यातल्या त्या खोलीत भाऊबंद जमले होते, ते सुकलालकडून दारू सोडल्याची शपथ वदवून घ्यायला. शपथ घेतली नाही, तर त्याच्या मुलीच्या, गायत्रीच्या लग्नाला कोणीही पायरी चढणार नाही, असे थोरल्या भावाने, हिलालने बजावले होते.

दाराशी हनुवटीपर्यंत पदर ओढून उभ्या असलेल्या सुकलालच्या बायकोच्या, भागीरथीच्या अंगाचा तिळपापड होत होता. तिच्या नवऱ्याने जन्मात दारूला बोट लावले नव्हते. डोके हलले की कानाच्या आतून डोळ्यांना इशारा जातो आणि नजर जागची ढळत नाही. क्षयासाठी टोचलेल्या सुयांनी सुकलालचा तो इशाराच मारून टाकला होता, म्हणून चालताना त्याचा तोल जाई. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हे तिच्यादेखत दाखवले होते.

"जे घेतलंच नाही, ते सोडू कसं, भाऊ?" सुकलाल म्हणाला.

"भर रस्त्यात झोकांड्या खातोस, आन् वर कानाचं नाव सांगतोस?" हिलाल गरजला.

"कानात काय तराजू टांगलाय का रे?" काशिनाथकाकांनी विचारले. सगळे हसले.

भागीरथी तरातरा पुढे आली. "दगाभाऊ, बसा इथं," म्हणत तिने त्याच्या डोक्याकडे हात नेले.

"वहिनी, मुंडकं मोडशील माझं!" धाकटा दीर म्हणाला.

"मोडलं तर काय सांडणार आहे त्यातून? माझ्या नाकाकडे बघा."

नाक दिसावे म्हणून तिने पदर मागे सारला. तिने दगाचे डोके धरून किंचित, पण झटक्यात वळवले; त्याची नजर तिच्या नाकावर खिळलेलीच राहिली. मग सुकलालचे वळवले. त्याचे डोळे डोक्याबरोबर वाहवत गेले आणि मग उडी मारून नाकावर परतले. दुसऱ्या बाजूलाही तेच.

"अरे, खरंच की!" दगा उद्गारला.

"पाहिलंत?" तिने हिलालला विचारले.

हिलालची मान खाली होती. थोरल्या दिराने भावजयीचे तोंड पाहायचे नसते. त्याने काहीच पाहिले नव्हते.

"आधी पदर घे," तो म्हणाला. "आन् शपथेनं काय झिजतं? दोन शब्द बोलून मोकळं व्हा."

"ते दोन शब्द खोटे आहेत! माझं तोंड नका बघू. ह्यांचे डोळे बघा. न बघता कसला निवाडा करता?"

हिलाल उठला आणि तरातरा निघाला. त्याच्याआधी ती दारात जाऊन उभी राहिली, उघड्या तोंडाने. तिला न धडकता बाहेर पडायचे, तर त्याला आता मान वर करावी लागणार होती.