हाकेच्या नावाची पाटी

मी मोटारीच्या मागची पाटी बोलतेय. माझ्यासारख्या लाखो पाट्या या राज्याच्या डोंगररस्त्यांवर पळतात, पण त्यांच्यावर सरकारला सुचेल तो नंबर असतो. माझ्यावर एका माणसाचं नाव होतं. आईबापांनी ठेवलेलं नव्हे, तर रेडिओवरून हाक मारायचं: डब्ल्यू-ए-आठ-क्यू-व्ही-टी.

माझा जन्म तुरुंगातला. इथं पाट्या कैदीच ठोकतात. मला यंत्राखाली सरकवणारा शेजारच्याला म्हणाला, "ही बघ कसली बाराखडी! कुणाच्या बायकोचं नाव असेल का रे?"

"बायकोचं नाव असं असतं, तर मी आत आलो त्याचं नवल नव्हतं," दुसरा म्हणाला.

माझा मालक वेंडेल हॅमरिक. कोळशाच्या खाणीत विजेची कामं करायचा आणि घरी आला की दूरदूरच्या लोकांशी बोलायच्या रेडिओपुढे बसायचा. वादळात नि पुरात टेलिफोन मुके होतात, तेव्हा असे हौशी रेडिओवालेच निरोप पोचवतात. म्हणून विधिमंडळानं कायदा केला, की त्यांच्या गाडीवर त्यांचं हाकेचं नाव असावं. नाक्यावरच्या पोलिसानं ते ओळखावं आणि वाट द्यावी.

वेंडेल मला बसवत होता, तेव्हा त्याची बायको अर्डिथ पायरीवरून म्हणाली, "लोकांना वाटेल, गाडीवर शिवी लिहून घेतलीस."

"ज्याला कळायचं त्याला कळेल," तो म्हणाला आणि स्क्रू आवळत राहिला.

मग एका जूनमध्ये नदी गावात शिरली. पुलाशी पोलिसानं सगळ्यांना मागे फिरवलं, वेंडेलही गाडी वळवायला लागला, तेव्हा मागून मला पाहून मात्र तो ओरडला, "सोडा त्याला, रेडिओवाला आहे!" टेकडीवरच्या चर्चपाशी वेंडेलनं गाडी लावली आणि गाडीतला रेडिओ सुरू केला. खाली होडीतून त्याचा मित्र डेल्मर खबर द्यायचा, वेंडेल ती राजधानीतल्या मदतकेंद्राला कळवायचा. कोण छपरावर अडकलंय, कुणाला औषध हवंय, कुणाची गाय वाहून गेली.

दुपारी डेल्मरचा आवाज अडखळला. "वेंडेल, तिकडे दुसरं कुणी आहे का? हा निरोप त्याला देतो."

"मी एकटाच आहे. बोल."

"गिरणीच्या खाली एक माणूस सापडला. संपलाय रे. नाव..."

"अक्षर-अक्षर सांग."

"वेंडेल, ऐक ना..."

"एक अक्षर चुकलं तर भलत्याच घरी रडारड होते, डेल्मर. सांग."

डेल्मरनं अक्षरं सांगितली. डेन्व्हर. आणि आडनाव हॅमरिक. वेंडेलचा धाकटा भाऊ.

वेंडेलनं तीच अक्षरं राजधानीला सांगितली. तिकडच्या बाईला आडनाव नीट ऐकू गेलं नाही. "पुन्हा सांगता का?" तिनं विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर. मग म्हणाला, "डेल्मर, पुढचा निरोप दे." आवाज जराही हलला नाही. गाडीचं इंजिन बंद होतं, तरी माझे स्क्रू थडथडत होते. ते मलाच ठाऊक.

त्या दिवसाबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही. पुढे बरीच वर्षं गेली. माझा रंग उडाला, त्याचे केस पिकले. एका हिवाळ्यात तो झोपेतच गेला.

त्याला पुरलं त्या संध्याकाळी अर्डिथ एकटी गाडीत येऊन बसली आणि तिनं रेडिओ लावला. या लोकांची रीत आहे, गेलेल्याला त्याच्या नावानं शेवटची हाक मारायची. डेल्मरनं हाक मारली. थांबला. परत मारली. थांबला. तिसऱ्यांदा मारली. अर्डिथच्या हातात माईक होता, बटणावर अंगठा होता. पण परवाना वेंडेलचा होता, तिचा नव्हता. परवान्याशिवाय एक शब्दही बोलायचा नसतो. तिनं माईक हलकेच अडकवून ठेवला.

"बोलले असते, तर तू चिडला असतास," ती शेजारच्या रिकाम्या जागेला म्हणाली. मग मात्र तिला रडू आवरेना.

उन्हाळ्यात ती गाडीचे कागद नवे करायला गेली. खिडकीतली केंड्रा तिच्या ओळखीची. केंड्रानं कागद चाळले.

"अर्डिथबाई, कसं सांगू? ही पाटी परवाना असलेल्यालाच मिळते. तो गेला की परत करायची. कायदाच तसा आहे."

"कायदा बरोबर आहे, पोरी. उद्या पूर आला आणि पोलिसानं ही पाटी बघून मला पुढे सोडलं, तर मी तिथे जाऊन कुणाच्या उपयोगी पडणार?"

तिनं स्वतःच मला काढलं. गंजलेले स्क्रू निघताना तिचं बोट कापलं, पण तिनं कुणाला हात लावू दिला नाही. मला काचेच्या खिडकीशी ठेवून ती नव्या पाटीवरचे आकडे वाचत उभी राहिली.

"चांगली आहे," ती म्हणाली. "पण या नावानं कुणाला हाक मारता येणार नाही."

आता मी परत आलेल्या पाट्यांच्या खोक्यात आहे. लवकरच आम्हाला कापून वितळवतील. त्याचं दुःख नाही. तुम्हाला रस्त्यात माझ्यासारखी वेडीवाकडी अक्षरं दिसली, तर तेवढी वाट द्या. कुणाचा तरी निरोप चाललेला असेल.

इतकी वर्षं मी त्या गाडीच्या पाठीला चिकटून होते. तिला जाताना मी कधी पाहिलंच नव्हतं. मला परत केलं त्या दिवशी कचेरीच्या काचेतून पाहिलं. अर्डिथनं वळणावर उगाचच गाडी हळू केली. मग ती डोंगराआड गेली.