कुणीही उठायचं नाही

राजदूतांची गाडी अंगणात वळली तसा धाकट्या बिशपांनी खिडकीचा पडदा सोडला आणि लगबगीने आपली खुर्ची गाठली.

"आले. लक्षात आहे ना? कुणीही उठायचं नाही."

टेबलाभोवतीच्या बाकीच्या चारही बिशपांनी माना डोलावल्या. पोपच्या या राजदूतांनी बिशपाची जागा रिकामी असलेल्या धर्मप्रांतासाठी परस्पर नवा बिशप सुचवला होता. ज्यांच्या मांडीला मांडी लावून तो बसणार, त्यांना साधं विचारलंही नव्हतं. वर्षभर आतल्या आत धुसफूस चालली होती. आज गाठ समोरासमोर होती.

दार उघडलं आणि नेमका तेव्हाच सर्वांत वडील बिशपांच्या पोटरीत गोळा आला. त्यांना सगळे आजोबा म्हणत. "आई गं!" करत ते ताडकन उभे राहिले. आजोबा उठलेले पाहताच जन्माच्या सवयीने बाकीचेही उठले. धाकटे तर सर्वांच्या आधी.

राजदूत उंबऱ्यातच थबकले. तेही भांडायच्या तयारीनेच आले होते.

"मला वाटलं होतं, तुम्ही पाठ फिरवून बसला असाल."

"तसंच ठरलं होतं," आजोबा पोटरी चोळत म्हणाले. "पायाने दगा दिला."

मग राजदूतांनाच हसू फुटलं, आणि बघता बघता सगळी खोली हसू लागली. टोकाला त्यांच्यासाठी ठेवलेली मोठी खुर्ची सोडून ते धाकट्यांशेजारी येऊन बसले.

"चुकलं माझं. विचारायला हवं होतं. सांगा, तुम्हाला कोण हवंय?"

पाच जणांनी पाच नावं घेतली. आवाज चढले.

"ते? अहो, ते स्वतःच्याच प्रवचनात पेंगतात!"

"आणि तुमचे? बोलायला लागले की जेवणाची वेळ टळते!"

हसून हसून आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मा पुसता पुसता ते राजदूतांकडे वळले.

"तुम्ही सुचवलेला तो माणूस... कसा आहे हो?"

धाकट्यांनी मान खाली घातली. वर्षभरात हे कुणीच विचारलं नव्हतं.

राजदूतांचा चेहरा उजळला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"वेळ आहे ना तुम्हाला?"

"अख्खी दुपार तुमची," आजोबा म्हणाले.