मागच्या सीटखालचा ठोका

अल्काच्या व्हॅनमधला आवाज पहिल्यांदा ऐकला तो मुलांनी. सकाळी शाळेत जाताना तलावाच्या पाळीवरचं वळण आलं आणि अगदी मागच्या सीटवर बसलेली तिची लेक नीतू म्हणाली, "आई, खालून कोणीतरी ठोकून रायलं." बाकीची पोरं खिदळली. मग सगळ्यांनी कान दिला, तर खरंच, खट् झालं, आणि जरा थांबून परत खट्खट्. पोरांची काय, मजाच झाली. त्यांनी त्याला भूत ठरवून टाकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वळण जवळ आलं की सगळी गाडी गप्प बसून त्याची वाट बघू लागली. अल्का मात्र त्या वळणावर गाडी आणखी हळू घेऊ लागली.

व्हॅन जुनी होती, नवऱ्याची. खेमराज रायपूरला कामाला गेला तेव्हा ती अंगणात गंजण्यापेक्षा बरी म्हणून अल्काने गाडी शिकून घेतली आणि गावातली मुलं अर्जुनी मोरगावच्या शाळेत नेऊ लागली. बाई गाडी चालवते म्हणून लोक आधी तोंडावर पदर घेऊन हसले आणि मग आपापली लेकरं घेऊन तिच्याच दारात उभे राहिले. हसणाऱ्यांचं तिला कधी काही वाटलं नाही. ओझं वाटायचं ते लेकरं सोपवून निर्धास्त घरी जाणाऱ्यांचं.

आणि रस्ता तो तसला. पाळीवर चढलं की एका बाजूला काठोकाठ पाणी, दुसऱ्या बाजूला खोल भाताच्या बांध्या, मध्ये गाडीपुरती वाट. वळणावर उतार. कठड्याचं नाव नाही. इतकी वर्षं त्या वाटेने गेली, पण आवाज आल्यापासून तिला पाणी जास्तच जवळ दिसायला लागलं.

तिने गाडी चंद्रकुमार मिस्त्रीकडे नेली. तो एकटाच एक चक्कर मारून आला आणि हात पुसत म्हणाला, "वहिनी, गाडी एकदम फिट है. कुठं आवाज येते?"

"पाळीवर येते, वळणावर."

"पाळीवरूनच तं आलो. जुन्या गाडीचं काई ना काई वाजतेच. टेन्शन नका घेऊ."

घरी धाकटा दीर लोकेश पोटभर हसला. "आवाज गाडीत नाई वहिनी, तुमच्या कानात आहे." सासूबाई लीलाबाई सूप पाखडता पाखडता बोलल्या, "भूतबित मानणं आपण कधीचं सोडलं. तुमी त्याले आता गाडीत कायले बसवून रायले?" पोरं भूत म्हणतात, मी नाही, हे अल्काने सांगितलं, पण ऐकतंय कोण. शेवटी तिलाच वाटू लागलं, आपलाच कान खोटा असेल. आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर पुन्हा खट्. त्या रात्री तिला डोळा लागला नाही. डोळे मिटले की पाण्यात बुडालेली मागची सीट दिसायची, आणि तिथे कोण बसतं हे तिला चांगलंच माहीत होतं.

मग तिने एक वेडेपणा केला. पाळ आली की गाडी थांबवायची, सगळ्या मुलांना उतरवायचं, आणि दप्तरं पाठीवर घेऊन एका रांगेत पायी पाठवायचं. आपण रिकामी गाडी पलीकडे न्यायची आणि तिथे मुलांना परत बसवायचं. पोरांना ती सहलच वाटली. पण गावात बोंब व्हायला किती वेळ लागतो? आपलं पोरगं तिच्या गाडीने पाठवणाऱ्या दुलीचंदने शेतावर जाताना पाहिलं आणि संध्याकाळी तो अंगणात येऊन उभा राहिला.

"गाडी केली न लेकरं पायी काऊन चालवता, बाई?"

"पाळीवर भेव लागते, भाऊ."

"भेव लागते तं गाडी कायले चालवता?"

तो गेल्यावर ती मोरीत जाऊन रडली. पण रडता रडता तिच्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती तशीच ओल्या तोंडाने उभी राहिली. पोरं उतरवल्यापासून पाळीवर आवाज एकदाही आला नव्हता. मिस्त्री गेला तोही एकटाच. गाडी रिकामी असली की ठोका गप्प, आणि मागे वजन पडलं की चालू. म्हणजे कान खोटा नव्हता. तिला हायसं वाटलं, आणि लगेच आधीपेक्षा जास्त भीती वाटली.

रविवारी सकाळी तिने घरातले धानाचे कट्टे, भरलेली पोती, बाहेर काढली. एक कट्टा एका मुलाच्या जागेवर, असे तिने ते सीटांवर मांडले. खिडकीशी भांडणाऱ्या रुचीचा खिडकीशी, जाड्या ओमेशचा गच्च भरलेला, आणि मागच्या सीटवर नीतूचा अर्धाच. लोकेशला म्हणाली, "तुमी चालवा. मी मागं बसून आयकतो."

लोकेश कट्टे बघून हसला. "इतक्यानं काय होते? दिवाळीत तं मी याच्या दुप्पट नेले होते."

"या गाडीत?"

"तुमी माहेरी होत्या तवा. धान खरेदी केंद्रावर न्याचं होतं," असं म्हणून त्याने पटकन गाडी सुरू केली.

अल्का मागच्या सीटच्या पायथ्याशी आडवी झाली आणि कान पत्र्याला लावला. पत्रा गार होता. रस्त्याचे खडे कानात वाजत होते. पाळीची चढण लागली, मग सपाट, मग उतार, आणि कानाखाली अगदी जवळ खट् झालं. इतक्या जवळ, की तिने दचकून हात आखडला. परत खट्. आणि या वेळी त्याच्या मागोमाग एक बारीक, कर्र असा आवाज, तारेने काही कापावं तसा. हा वर बसून कधीच ऐकू आला नव्हता.

"लोकेशभाऊ, थांबवा."

गाडी थांबली नाही.

"थांबवा म्हणतो ना मी," ती परत म्हणाली.

"पेडल खाली जाऊन रायलं, वहिनी." लोकेशचा आवाज त्याचा वाटत नव्हता. "लागतच नाई."

ती उठायला गेली आणि कट्ट्यांवर आदळली. समोरच्या काचेत रस्ता नव्हता, नुसतं पाणी होतं. ती ओरडली, "हँडब्रेक." लोकेशने दोन्ही हातांनी तो ओढला. मागची चाकं घसटली, गाडी तिरपी झाली, मागची सगळी पोती एकदम पुढे आली, आणि काठावरच्या दगडाला धडकून गाडी थांबली. पुढचं एक चाक मातीच्या बाहेर होतं.

दोघे मागच्या दाराने उतरले. मग लोकेश गाडीखाली सरपटत गेला, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात लाकडाचा एक गुटका होता आणि गुटक्याला तारेचा वेढा.

"हा माया होय, मीच बसवला," तो म्हणाला.

दिवाळीत धान भरलं तेव्हा गाडी वजनाने मागून खाली बसली होती. गाडी बसली की कमानपाट्यावर, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगपट्ट्यांवर, लाकडाचा गुटका तारेने आवळायचा, हे इकडे सगळेच करतात, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. लोकेशनेही येनाच्या झाडाचं ओलं लाकूड तोडून दोन्ही बाजूंना दोन गुटके बसवले. आल्यावर एक काढला. तेवढ्यात लीलाबाईंनी जेवायला हाक मारली आणि दुसरा राहून गेला. ओलं लाकूड वाळलं, आखडलं, तार ढिली झाली. मागे वजन असताना गाडी वळणावर कलली की गुटका वर आपटायचा, आणि तार बाजूच्या ब्रेकच्या पाइपावर घासायची. रोज थोडी थोडी. तो पाइप आज तुटला होता. चाकामागे मातीत तेल ठिबकत होतं.

"मी हासलो तुमाले," लोकेश खाली बसून म्हणाला. अल्काला त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. ती गाडीच्या मागच्या दारातून आत वाकली.

नीतूच्या जागेवर काही नव्हतं. तिचा अर्धा कट्टा सगळ्या सीटांवरून उडून पार पुढे गेला होता आणि पुढच्या काचेखाली फुटून पडला होता. धान सगळीकडे सांडलं होतं.

अल्का आत चढली आणि ओंजळीने ते धान गोळा करू लागली. पेडलच्या मागचं, रबरी मॅटखालचं, सीटच्या फटीतलं.

"राहू द्या वहिनी," लोकेश म्हणाला. "चिमण्या खातील."

तिने ऐकलं नाही. शेवटचा दाणा मिळेपर्यंत ती थांबली नाही. धान फाटलेल्या कट्ट्यात परत भरलं, फाट पदराने आवळून तो कडेवर घेतला आणि पाळीवरून पायीच घराकडे निघाली. लोकेश दोनदा म्हणाला, द्या इकडे, जड आहे. तिने दिला नाही.