माझे जास्तीचे तीन ग्रॅम

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे. तुम्ही म्हणाल, चारच वर्षांचा तर आहेस! पण आमच्या जातीत चार वर्षं म्हणजे म्हातारपणच. आणि मी साधासुधा नाही बरं का, संगणकावरचे खेळ खेळायचा माउस. वजन फक्त बावन्न ग्रॅम. पाठ अशी उतरती की मनगट अवघडू नये. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा तोरा काय वर्णावा!

पारख करून घ्यायला मला एका ताईंकडे पाठवलं. माउस वापरून बघायचे आणि त्यांच्याविषयी लिहायचं, हेच त्यांचं काम. त्यांची एक रीत होती. रूप पाहिलं की मत बनतं, म्हणून नव्या माउसकडे त्या आधी बघतच नसत. बंद खोका जायचा त्यांच्या बाबांकडे. बाबा शिंपी. चाळीस वर्षं कात्री चालवून त्यांची बोटं आखडली होती. माउसमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे, म्हणूनच ताईंना तो कोरा हात हवा असे. आठ दिवस माउस बाबांचा. संध्याकाळी दोघं शेजारी बसून उडत्या तबकड्या टिपण्याचा खेळ खेळत. ताईंची नजर पडद्यावर, मी बाबांच्या पंजाखाली.

तो पंजा मला अजून आठवतो. खरखरीत, पण धरणं किती हळुवार! मी मात्र गुळगुळीत, सारखा निसटायचो. तिसऱ्या दिवशी बाबांनी काळ्या कापडाच्या दोन पट्ट्या कापल्या आणि माझ्या दोन्ही कुशींना चिकटवल्या. काम इतकं सफाईदार की त्या जन्मापासूनच अंगावर असाव्यात असं वाटे. त्या संध्याकाळी बाबांनी ताईंना पहिल्यांदाच हरवलं.

"हा बसतो बघ हातात," बाबा म्हणाले. "चांगली कात्री हातात आहे हेसुद्धा आपण विसरतो ना, तसा."

नवव्या दिवशी ताईंनी मला काट्यावर ठेवलं. पंचावन्न ग्रॅम! त्यांनी लिहून टाकलं, की कंपनी वजनात लबाडी करते, पण कुशींवरच्या कापडाची पकड अशी, की आजवर पाहिली नाही. झालं! कंपनीचं उत्तर आलं, आमच्या माउसला कापड नसतंच. वाचणारे आठवडाभर हसत होते. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

सगळा राग निघाला बाबांवर. "तुम्हाला कुणी सांगितला होता नसता उद्योग? इतक्या वर्षांचं नाव गेलं माझं."

"अगं, घसरत होता..." एवढंच बोलून बाबा उठले.

ताईंनी पट्ट्या ओरबाडून काढल्या. डिंकाचे डाग राहिले. डागाळलेला माउस परत कोण घेणार? मी गेलो टेबलाच्या खणात. पुढचा खोका आला तेव्हा बाबा म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं," आणि त्यांनी तो उघडलाच नाही. संध्याकाळचा खेळही बंद पडला.

खणाच्या फटीतून मला बाबांची रिकामी खुर्ची दिसे. कितीतरी नवे माउस आले, मिरवले, गेले. खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटला नाही. मला तो हात हवा होता. रोज संध्याकाळी वाटायचं, आज तरी खण उघडेल.

गेल्या आठवड्यात तो उघडला. ताईंनी बाबांच्या कात्रीने काळं कापड कापलं आणि दोन वेड्यावाकड्या पट्ट्या माझ्या कुशींना लावल्या. मग हाक मारली, "बाबा, खेळायला येताय?"

आतून आवाज आला, "नको गं. परत वजन वाढायचं."

 तेव्हापासून ताई रोज संध्याकाळी मला बाबांच्या खुर्चीपुढे ठेवतात आणि एकट्याच खेळतात. खेळतात कसल्या, एकही तबकडी त्यांना लागत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी एखाद्या वस्तूला चिंधी बांधली, तर ओरडण्याआधी विचारा, का बांधली. मला बोलता येत नव्हतं, नाहीतर मीच सांगितलं असतं.

आत्ताच बाबा दारात येऊन गेले. माझ्याकडे बघत राहिले. "डावी पट्टी तिरकी लागलीय," म्हणाले. ताई हळूच म्हणाल्या, "मग तुम्हीच नीट करा ना."

ते आत गेले आहेत. कात्री आणायला गेले, की नुसतेच गेले, मला ठाऊक नाही. मी वाट बघतो आहे.