धुराची फेरी

बिअरची पारख करणाऱ्या मंडळींत त्याला सगळे नाकसाहेब म्हणत. तोंडावर म्हटलं तरी तो खपवून घेई, कारण मनातून त्याला ते आवडायचं. एरवी स्वारी नाकावर माशी बसू देणाऱ्यातली नव्हती. ग्लास नुसता नाकाखालून नेऊन तो सांगायचा, की ही बाटली उन्हात राहिलीय, हिचं पिंप धुताना पाणी कमी पडलंय, आणि ही बनवणाऱ्याला घाई झाली होती. दहातल्या नऊ वेळा ते खरं निघे. दहाव्या वेळी समोरचा बिचारा वाद घालायच्या भानगडीत पडत नसे.

खरं सांगायचं तर घरात त्याच्याहून तल्लख नाक बायकोचं होतं. दोघांची ओळखही अशाच एका टेबलावर झाली. त्यानं जिला भरभरून गुण दिले त्या बिअरला हिनं "ओल्या पुठ्ठ्याचा वास" असं लिहून नापास केलं. मग जे भांडण जुंपलं ते जुंपलंच. शेवटी बनवणाऱ्यानं येऊन कबूल केलं, की माल जुना होता. "भांडण काही मिटेना, म्हणून लग्न केलं," असं ती पाहुण्यांना सांगायची.

दोन वर्षांपूर्वी तिला ताप आला आणि उतरताना तिचं नाक घेऊन गेला. वास असा उरलाच नाही. दूध करपून पातेलं काळं झालं तरी ही शेजारी उभी राहून भाजी चिरतेय. एकदा गॅस चालू राहिला होता. तो घरी आला, दारातूनच ओरडला, खिडक्या उघडल्या, आणि मग दोघं जिन्यात बराच वेळ बसून राहिली. तो म्हणाला, "आता घरात नाक एकच. ते दोघांत वापरायचं." तेव्हापासून तिला सवयच लागली. झोपताना, बाहेर पडताना, कुठल्याही अनोळखी खोलीत शिरताना ती विचारायची, "वास नाही ना कसला?" तो हवा हुंगून म्हणायचा, "नाही." एवढ्यावर ती निर्धास्त व्हायची.

परीक्षण सुटलं, पण टेबल तिला सोडवेना. म्हणून ती ओतायला बसू लागली. बिअर कुणाची हे न कळता चव घ्यायची म्हणजे कुणीतरी पडद्यामागे बसून नंबर लावून ग्लास भरायला हवेतच, आणि ते काम तिच्याइतकं चोख कुणी करत नसे.

त्या वर्षीची स्पर्धा तिच्या धाकट्या भावाच्या ब्रूअरीत होती. मेहुणा हौशी माणूस. जुनं गोदाम घेऊन त्यात त्यानं पिंपं, नळ्या आणि टाक्या बसवल्या होत्या, आणि पैसे वाचवायला निम्मी कामं स्वतःच केली होती. पाणी उकळायला लागलं की धुराचा इशारा देणारा भोंगा वाफेनंच बोंबलायचा, म्हणून त्यानं तो उतरवून फडताळावर ठेवला होता. "दाजी, कान किटले होते," तो म्हणाला. नाकसाहेबाला त्यात काही वावगं वाटलं नाही. शांतता त्यालाही हवी होती.

परीक्षकांच्या खोलीला लागूनच थंड खोली होती. जाड फोमच्या भिंती, खिडकी नाही, दार पेटीच्या झाकणासारखं घट्ट बसणारं. उजेडानं बिअर बिघडते म्हणून आत एकच मंद पिवळा दिवा, तोही नाकसाहेबाच्याच आग्रहामुळे. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत एक सरकती झडप होती. बायको आत बसून ग्लास भरायची, दोनदा टकटक करायची, झडप सरकायची, ट्रे यायचा, झडप बंद. परीक्षकांना दिसायची फक्त तिची बोटं आणि लोकरीच्या बाहीचं टोक.

टेबलावर तिघं होती. नाकसाहेब मधोमध. एका बाजूला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरीणबाई, दुसऱ्या बाजूला घरच्या घरी बिअर बनवणारा आणि आपली दाढी त्यात पडू न देणारा एक दाढीवाला. नियम एकच, आणि तो नाकसाहेबाचा. पेन्सिल खाली ठेवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हुं नाही, हं नाही, भुवई उडवणंसुद्धा नाही. याला कारण होतं. नाक फार भोळं असतं. एकानं नुसतं "केळं" म्हटलं, की सगळ्या टेबलाला केळ्याचा वास यायला लागतो आणि मग तो पुसता येत नाही. तेव्हा ज्यानं त्यानं आपापलं हुंगावं, आपापलं लिहावं, आणि मग बोलावं. नियम चांगलाच होता. त्यानं तो मोडणाऱ्या दोघांना मागे टेबलावरून उठवलंही होतं.

गव्हाची फेरी झाली, कडवट झाली, आंबट झाली. ट्रे वेळच्या वेळी येत होते, फेस प्रत्येक ग्लासात बोटभर, मोजून घातल्यासारखा. मग काळी बिअर आली. हिच्यात भाजलेल्या जवाचा जळकट वास हवाच असतो. नाकसाहेबानं पहिला ग्लास हुंगला आणि लिहिलं, "भाजणी छान." तिसऱ्याला लिहिलं, "भाजणी जरा पुढे गेली आहे." अर्धा गुण कापला. खोलीत थोडं उबल्यासारखं वाटत होतं. मास्तरीणबाईंनी कॉलर सैल केली.

शेवटची फेरी धुराची. तिच्यासाठी जव लाकडाच्या धुरावर वाळवतात, आणि तो धूर बिअरमध्ये उतरतो. ही नाकाला दमवते, म्हणून सगळ्यांत शेवटी घेतात. फेरी सुरू होण्याआधी पाणी प्यायला जरा वेळ होता. तेवढ्यात झडप सरकली आणि नियमाला सोडून बायकोचा चेहरा दिसला. गाल लाल झाले होते.

"डोकं ठणकतंय रे माझं," ती म्हणाली. "डोळेही चुरचुरताहेत."

"थंडीनं. मफलर कानावरून घे. एकच फेरी राहिलीय."

"आत धुकं धुकं वाटतंय."

"थंड खोलीत धुकं नाही दिसणार तर काय दिसणार?"

ती हसली. झडप लावता लावता थांबली आणि नेहमीसारखं विचारलं, "वास नाही ना कसला?"

त्याच्या नाकात काळ्या बिअरचा जळकटपणा अजून रेंगाळत होता. तो म्हणाला, "फक्त बिअरचा."

"बरं," असं म्हणून तिनं झडप लावून घेतली.

धुराचा पहिला ग्लास सुरेख होता. लाकडाचा गोडसर, स्वच्छ धूर. त्यानं हात आखडला नाही, भरपूर गुण दिले. दुसऱ्या ग्लासात त्या धुराच्या खाली दुसरंच काही होतं. तिखट. त्यानं पुन्हा हुंगलं, डोळे मिटून. रबर. जळलेलं रबर. हा दोष त्याला ओळखीचा होता, पुस्तकात त्याला नाव होतं. त्यानं समाधानानं लिहिलं आणि दोन गुण कापले. मास्तरीणबाईंनी मान वर केली आणि तोंड उघडलं. त्यानं न बघताच तर्जनी वर केली. बाईंनी तोंड मिटलं.

तिसरा ट्रे उशिरा आला. टकटक एकदाच झाली, तीही हलकी. ग्लास काठोकाठ फेसानं भरले होते, अर्धी बिअर ट्रेमध्ये सांडली होती, आणि एक नंबर उलटा चिकटवला होता. आज हिचं लक्ष कुठे आहे, असं त्याच्या मनात आलं. झडपेतून दिसलेली बोटं थरथरली. अर्थातच थंडीनं. त्यानं ग्लास उचलला आणि त्याचं नाकच आक्रसलं. रबर, प्लॅस्टिक, तापलेली वायर. इतका गलिच्छ वास त्यानं कित्येक वर्षांत घेतला नव्हता. दाढीवाल्याला ठसका लागला.

"अहो, एक विचारू का?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"पेन्सिल खाली ठेवल्यावर."

"नाही, पण मला वाटतं की..."

"बाई, प्लीज. टेबल नासेल."

बाई गप्प झाल्या. शिकलेली, वयानं मोठी बाई, वर्गात चाळीस पोरं गप्प करणारी, पण त्या टेबलावर नाकसाहेबापुढे तिनं मान खाली घातली आणि लिहायला लागली. त्यानं चार गुण कापले, कारण चारच्या वर कापता येत नाहीत.

मग पेन्सिली खाली आल्या आणि कागद समोरासमोर ठेवले. तिघांनीही शब्दाला शब्द तेच लिहिलं होतं. जळलेली वायर. नाकसाहेबाला चक्क आनंद झाला. "बघा! तिघांचं एकमत! आधी बोललो असतो तर लोक म्हणाले असते, एकमेकांचं ऐकून लिहिलंय."

"पण बनवणारे वेगवेगळे आहेत ना?" दाढीवाला म्हणाला. "दोघांच्याही बिअरमध्ये तोच दोष कसा?"

"एकाच दुकानातून जव आणला असेल. चार पैसे वाचवायला जातात आणि तोंडघशी पडतात."

"मला तर पाण्यातही येतोय," बाई हळूच म्हणाल्या.

"नाक दमलं की असंच होतं. बाही हुंगा."

ही परीक्षकांची जुनी युक्ती. नाक भरून गेलं की स्वतःच्या कोपराच्या वळणात खुपसायचं आणि एक दीर्घ श्वास घ्यायचा. आपल्या अंगाचा वास नाकाला वासासारखा लागत नाही, त्यामुळे पाटी कोरी होते. बाईंना दाखवायला म्हणून त्यानं स्वतःच हात वाकवला, शर्टाच्या बाहीत नाक घातलं आणि श्वास घेतला.

बाहीला जळलेल्या वायरीचा वास येत होता.

मग त्यानं दुसरी बाही हुंगली. पाण्याचा ग्लास हुंगला. टेबलावरचा कोरा कागद हुंगला. वर पाहिलं तर छताच्या जाळीतून काहीतरी करडं, अगदी संथ, खाली उतरत होतं. चौथा ट्रे अजून आला नव्हता.

त्यानं झडपेवर थाप मारली. मग मुठी मारल्या. झडप आतून लावलेली होती. खुर्ची पाडून तो बाहेरच्या बोळात धावला, त्याच्यामागे दाढीवाला. थंड खोलीचं ते जाड दार दोघांनी मिळून ओढलं तेव्हा कुठे सुटलं, आणि सगळा धूर एकदम अंगावर आला. दिवा कुठे आहे तेही दिसत नव्हतं. कूलिंगच्या यंत्रामागची भिंत काळी पडली होती आणि तिच्या फटीतून आतली लाल धग दिसत होती. वायर फोमच्या आत, कुणाला न दिसता, बराच वेळ धुमसत असली पाहिजे.

ती झडपेखाली जमिनीवर होती. क्रेटला पाठ टेकून, मान एका बाजूला, मफलर कानावरून घट्ट गुंडाळलेला. शेजारी चौथा ट्रे तयार होता. नंबर सगळे सुलटे होते.

तिला ओढून बाहेर अंगणात आणलं. मेहुण्यानं मेन स्विच पाडला आणि वेड्यासारखं पाणी मारलं. मास्तरीणबाईंनी तिची छाती दाबली, तोंडातून श्वास भरला, पुन्हा दाबली. नाकसाहेब तिचे पाय चोळत बसला होता. पाय चोळून काही होणार नव्हतं हे त्यालाही कळत होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तुटकपणे बोलल्या. धूर फुप्फुसात खोल गेला आहे, फोमचा धूर विषारी असतो, दोन दिवस गेल्याशिवाय काही सांगता येणार नाही. पाच मिनिटं आधी आणलं असतं तर, असं त्या म्हणायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले. तोंडावर मास्क होता. मेहुणा पलंगाशी उभा राहून रडतच बोलत होता. "ताई, वायर भिंतीच्या आतून जळाली गं. आतून! कुणाला कळणार? माझीच चूक, भोंगा मीच काढला. दाजींना तरी कसं कळणार, सगळीकडे धुराचीच बिअर!" मग नर्सनं त्याला बाहेर काढलं.

दोघंच उरली. त्यानं तिचा हात धरला होता. तिनं दुसऱ्या हातानं मास्क जरा उचलला. आवाज खरवडल्यासारखा येत होता.

"तुला वास आला नव्हता?"

नाही म्हणणं सोपं होतं. मेहुण्यानं वाट करून ठेवलीच होती. तिच्याकडे पडताळून पाहायला काही नव्हतं. तो नाही म्हणाला असता तर तिनं डोळे मिटून विश्वास ठेवला असता, दोन वर्षं ठेवत आली होती तसाच. त्याला स्वतःची इतकी भीती आजवर कधी वाटली नव्हती.

"आला होता," तो म्हणाला.

"मग?"

"मला वाटलं, बिअरचाच आहे. मी चार गुण कापले."

मग तिनं त्याच्या हातातून आपला हात काढून घेतला, मास्क स्वतःच नीट बसवला आणि भिंतीकडे तोंड केलं.